दमानं

मराठीत दम हा एक शब्द किती कामं करतो बघा. दम म्हणजे श्वास. दम म्हणजे अंगातली ताकद. मुकादम देतो तोही दमच. थकून खाली टेकलं की माणूस दम खातो. छातीत घरघर लागली की दमा. आणि घाई करणाऱ्याला म्हातारी माणसं सांगतात, दमानं घे रे बाबा. म्हणजे सावकाश.

आपल्या वाट्याला यातले दोनच दम जास्त आले. एक वरून आलेला. पाटलाचा, सावकाराचा, ठेकेदाराचा, फौजदाराचा. दुसरा आतून आलेला, खोकल्यासकट. कापसाच्या धुळीत, सिमेंटच्या गोणीखाली, गटारात उतरून आपल्या माणसांच्या छात्या गेल्या. ताकदीचा दम आणि सबुरीचा दम, हे दोन दुसऱ्यांनीच ठेवून घेतले. गेली दोन वर्षं मी ते दोन परत मिळवायच्या खटपटीत आहे. कसा, तर पळून. रोज पहाटे, रस्त्याच्या कडेनं, स्वतःच्या दोन पायांनी.

हसू नका. वस्तीत आधी हसूच झालं. कविता लिहितो इथवर ठीक होतं, आता चड्डी घालून पळायलाही लागला म्हणून. मित्रांनो, पळण्यात काय आहे आणि आपल्यासारख्यानं ते कसं करावं, एवढंच सांगायला हे लिहितोय.

मी डोंबिवली एमआयडीसीत कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये आहे. आम्ही त्याला मिलच म्हणतो. लूमवरून आलेलं कोरं कापड आमच्याकडे धुतात, रंगवतात, वाळवतात. माझं काम स्टेंटरवर. स्टेंटर म्हणजे एक लांबलचक तापलेली पेटी. कापड दोन्ही काठांनी पकडून ताणत आत जातं, गरम हवेतून वाळत, रुंदीला सारखं होत बाहेर पडतं. ताणलेलं, वाळलेलं, गप्प. माणूसही तसाच बाहेर पडतो. पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. शाळा दहावीपर्यंत. पुढचं शिक्षण विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं.

मी चोवीस वर्षांचा असताना वस्तीत आरोग्य शिबिर झालं. डॉक्टरीणबाईंनी एक प्लॅस्टिकची नळी हातात दिली. म्हणाल्या, जोरात फुंक. मी फुंकलं. त्यांनी आकडा बघितला.

"वय किती?"

"चोवीस."

परत एकदा फुंकायला लावलं. परत आकडा बघितला. परत विचारलं, "वय किती म्हणालास?"

"चोवीस, मॅडम."

"सिगरेट?"

"नाही."

"मग काम कुठं करतोस?"

मी सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग नीट समजावलं. फुप्फुसं नवी मिळत नाहीत. आहेत ती जपायची. कामावर नाकातोंडाला चांगला मास्क लाव, नुसता रुमाल नको. आणि चालायला लाग, मग हळूहळू पळ. पळून फुप्फुस नवं होत नाही, पण हृदय आणि स्नायू तयार होतात. मग आहे त्याच श्वासात जास्त काम होतं.

आहे त्याच श्वासात जास्त काम. हे वाक्य मालकाच्या तोंडी असतं तर मी मुठी आवळल्या असत्या. इथं काम माझं होतं आणि श्वासही माझा होता. म्हणून ते वाक्य घेऊन घरी आलो.

तसं पळणं आपल्याला नवं नाही. माझा पणजा पारनेर तालुक्यातल्या एका गावचा महार. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन पाच-सात गावं पळायचं काम त्याचं. सरकारी निरोप पोचवायचा त्यानंच. साहेब फिरतीवर आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं तेही त्यानंच. रात्र असो, पाऊस असो, बोलावणं आलं की निघायचं. आजी सांगायची, पणज्याच्या पिंढऱ्या दगडासारख्या होत्या. एवढं पळून त्याला मिळायचं काय? बलुतं आणि शिळ्या भाकरी. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते 1958 साली. तोवर बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि तोवर पणज्याचे गुडघे गेले होते. जन्मभर पळाला, पण किती जोरात पळायचं आणि कुठं थांबायचं हे त्यानं कधी ठरवलं नाही. ते ठरवणारा घोड्यावर बसलेला असायचा.

मग आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत आली. तिथं विणकाम खात्यात पगार बरा. पण त्या खात्यात आपल्याला घेत नसत. कारण धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि आपण तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार नाही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. धागा ओढायला लागतो किती? अर्धा श्वास. तो अर्धा श्वाससुद्धा आपला विटाळाचा ठरला. माझा आजा पुढच्या काळातला. तो 18 जानेवारी 1982 च्या संपात बाहेर पडला तो परत गिरणीत गेलाच नाही. बिऱ्हाड घेऊन कल्याणला आला. म्हणून आम्ही कल्याणचे.

कल्याण-डोंबिवलीत पळत नाही असा माणूस नाही. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला आली, तेव्हापासून इथली माणसं पळतायत. इंडिकेटर बदलला की जिन्यावरून पळ, पुलावरून पळ, डब्याच्या दारातला दांडा पकड. हातात डबा, पाठीला बॅग. मी बघितलंय, साठीचे बाबा हे शंभर मीटर असे कापतात की भरतीची पोरं मागं राहावीत. पण गाडी पकडल्यावर ठाणं येईस्तोवर धाप जात नाही. हा वेग आहे, दम नव्हे. या वेगाला गाडीचा धाक आहे.

ठाकुर्लीकडून कल्याणकडं येणारा नव्वद फुटी रस्ता आहे, तिथं पहाटे भरतीची पोरं पळतात. त्यांना आमच्या गल्लीतले एक रिटायर हवालदार काका शिकवतात. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. मी गेलो.

"जय भीम काका. मलापण पळायचंय."

"जय भीम. पळायचंय का भरती व्हायचंय?"

"नुसतं पळायचंय."

"मग तुला जमंल. ज्याला घाई न्हाई त्याला जमतं."

काकांनी पहिल्या दिवशी मला एक मिनिट पळवलं आणि दोन मिनिटं चालवलं. परत एक मिनिट, परत दोन मिनिटं. असं दहा वेळा. झालं, जा घरी. आठवड्यातून चार दिवस एवढंच. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. मग पाचाला एक. दहाव्या आठवड्यात मी न थांबता अर्धा तास पळालो. वेग? विचारू नका. शेजारून दूधवाला सायकलवर जाताना मागं वळून बघायचा.

किती हळू पळायचं याचं माप काकांनी सोपं दिलं. मोर्चातली एक घोषणा पुरी देता आली पाहिजे. मधे न तुटता. घोषणा अर्ध्यावर तुटली की समज, तू तुझ्या दमापेक्षा जोरात चाललायस. घड्याळ नको, मशीन नको. माझ्यासारख्या मोर्चात वाढलेल्याला यापेक्षा चांगलं माप कोण देणार?

हे असं का, ते मी नंतर वाचून काढलं आणि मिलच्या बॉयलरवरून समजून घेतलं. बॉयलरवाल्याला विचारा. कोळसा टाकला आणि हवा कमी पडली की चिमणीतून काळा धूर येतो. कोळसा जातो, वाफ तेवढी होत नाही. अंगाचंही थोडंफार तसंच. हळू पळताना स्नायूंना पुरेशी हवा पोचते. चरबी आणि साखर दोन्ही नीट जळतात आणि माणूस तासभर चालू राहतो. जोरात सुटलं की हवा अपुरी पडते. मग स्नायू हवेशिवाय साखर फोडून काम भागवतो. ते फार वेळ चालत नाही. पाय भरून येतात, धाप लागते, थांबावं लागतं. आठवडेच्या आठवडे हळू पळत राहिलं की आत बांधकाम होतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. पेशींतल्या ज्या छोट्या भट्ट्या हवा घेऊन साखर-चरबी जाळतात, त्यांची संख्या वाढते. हे बांधकाम रात्री होतं, झोपेत, विश्रांतीच्या दिवशी. पळणं म्हणजे फक्त ऑर्डर देणं.

आणि सगळं अंग एका वेगानं तयार होत नाही. श्वास महिन्या-दीड महिन्यात सुधारतो. हाडं आणि स्नायूंची टोकं बळकट व्हायला कितीतरी महिने लागतात. आमच्यातल्या एका पोराचा श्वास लवकर सुटला. त्याला वाटलं, आता थांबायचं कशाला? रोज सोळाशे मीटर जीव खाऊन पळायला लागला. सहाव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. तो बाम लावून पळत राहिला. एक्सरे काढला तेव्हा नडगीच्या हाडाला बारीक चीर. भरतीच्या तारखेला तो काठी घेऊन मैदानाच्या बाहेर उभा. घरात आईनं बचतगटाचं कर्ज काढून त्याला बूट घेतले होते. ते बूट नवेच राहिले. दुखणं चालता चालता जात असेल तर ठीक. एका जागी बोट ठेवून दाखवता येत असेल आणि रोज वाढत असेल, तर थांबायचं. बामानं हाड सांधत नाही.

आता वेगाचं. भरतीच्या पोरांना त्याचीच घाई असते आणि ती खोटी नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. पोरांना 1600 मीटर आणि पोरींना 800 मीटर, त्याला 20 गुण. शंभर मीटरला 15, गोळाफेकीला 15. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत मारलं तर पुरे 20. म्हणजे चारशे मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, आणि अशा चार फेऱ्या एकामागोमाग. एक फेरी या वेगानं कुणीही तरणा पोरगा मारतो. चौथी मारायला दम लागतो. म्हणून काका आधी तीन महिने वेगाचं नावच काढू देत नाहीत. तीन महिन्यांनी आठवड्यातला एक दिवस वेगाचा. चारशे मीटर ठरलेल्या वेगात, मग दोन-तीन मिनिटं चालणं. असं चार वेळा. जमायला लागलं की पाच वेळा, सहा वेळा. मग मधली विश्रांती थोडी थोडी कमी. आज ज्याची फेरी दोन मिनिटांची आहे त्यानं उद्या सत्त्याहत्तर सेकंदांच्या मागं लागायचं नाही. आधी एक पन्नास, मग एक चाळीस. दुसऱ्या एखाद्या दिवशी, सावकाश पळून झाल्यावर, ऐंशी-शंभर मीटरच्या पाच-सहा मोकळ्या धावा, प्रत्येकीनंतर पुरता दम खाऊन. आणि पंधरा दिवसांतून एकदा पत्रीपुलाचा चढ, पहाटे रहदारी नसताना, कडेनं. चढावर पाय आपोआप उचलतो. बाकी सगळे दिवस घोषणेच्या मापानं.

ही फेऱ्यांची रीत जगभर गाजवली ती एका कामगारानं. एमिल झाटोपेक. चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिनच्या बाटाच्या कारखान्यातला पोरगा. हो, तोच बाटा, आपल्या शाळेच्या बुटांचा. 1941 साली कारखान्यानं पोरांना शर्यतीत उतरवलं, तिथून त्याचं पळणं सुरू झालं. तो चारशे मीटरच्या फेऱ्या डझनांनी मारायचा. जड लष्करी बूट घालून सराव करायचा. पळताना त्याचं तोंड असं वेडंवाकडं व्हायचं की बघणाऱ्याला वाटावं, आता पडतो. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं 5000 मीटर जिंकली, 10,000 मीटर जिंकली आणि जन्मात कधी पळाला नव्हता ती मॅरेथॉनही जिंकली. 1968 साली प्रागच्या मोकळ्या वाऱ्याच्या बाजूनं उभा राहिला म्हणून पुढं सरकारनं त्याला पक्षातून, सैन्यातून काढलं आणि अंगमेहनतीच्या कामाला लावलं. मला तो आपल्यातलाच वाटतो.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईबाप वीटभट्टीवर राबलेले. शाळेला सहा किलोमीटर पायी. बारावी झाल्यावर सैन्यात गेला, 5 महार मध्ये. सियाचीनच्या बर्फात ड्यूटी केली. शर्यतीच्या पळण्याला लागला तो 2015 च्या सुमाराला, वय विशीचं झाल्यावर. 2022 साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. सोनं हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागानं. या शर्यतीत वर्षानुवर्षं तिन्ही पदकं केनियाची असायची. ती ओळ त्यानं मोडली. 2023 साली हांगझोऊला आशियाई सुवर्ण. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळाला.

आता त्याच्या पलटणीच्या नावाकडं बघा. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरहून निघालेली पलटण, जिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते, रात्रभर चालून, चाळीसेक किलोमीटर तुडवून सकाळी कोरेगावला पोचली आणि दिवसभर लढली. पुढं त्याच सरकारनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली. ती उघडायला अर्ज करण्यात गोपाळबाबा वलंगकरांपासून पिढ्या गेल्या. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागं बाबासाहेबांचा रेटा होता. आज त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींची पोरं असतात आणि खांद्यावर महार हे नाव लावतात. हवालदार काका हे सांगताना आवाज चढवत नाहीत. फक्त म्हणतात, "चल, पुढची फेरी."

इथं एक प्रश्न येतो आणि तो आपल्या बैठकीत उठलाच. एक मित्र म्हणाला, "दादा, तुम्ही पोरांना पोलीस व्हायला पळवताय. 11 जुलै 1997 विसरलात? रमाबाई नगर? दहा माणसं मेली. गोळी कुणी घातली?" कुणीच विसरलेलं नाही. माझ्याकडं त्याला गप्प करणारं उत्तर नव्हतं, आजही नाही. ज्या पोराच्या घरात बाप बिगारी आणि आई धुणीभांडी करते, त्याला मी काय सांगू की पगाराची नोकरी घेऊ नकोस? एवढं मात्र मी पोरांना सांगतो: वर्दी मिळाली तर ती घालून वस्तीत येशील तेव्हा डोळे वर ठेवता येतील असं वाग. आणि मिळाली नाही तरी दम तुझा आहे. हजारांतून थोडे आत जातात. बाकीच्यांनी पळणं सोडून द्यायचं का?

रस्ता आपला आहे का, हाही प्रश्नच. आपला पोरगा पहाटे पळताना दिसला की लोक आधी त्याच्या मागं कोण लागलंय ते बघतात. ठाण्याला मावशीकडं गेलो की मी उपवनला पळतो. तिथं कुणी काही बोलत नाही, तळ्याच्या कडेला सगळ्यांचेच पाय सारखे. पण एकदा एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या बाहेरच्या रस्त्यानं पळताना वॉचमननं शिटी मारली.

"ए, कुठं चाललास पळत?"

"कुठं नाही. पळतोय."

"पळतोय म्हणजे? इथं काय काम?"

तेवढ्यात माझ्या टी-शर्टावरचं निळं चक्र त्याला दिसलं. तो एकदम खाली बघायला लागला. हळूच म्हणाला, "जय भीम. काय करू भाऊ, साहेब लोक कॅमेऱ्यात बघतात." मी त्याच्यापाशी थांबून पाणी प्यालो. बारा तासांची ड्यूटी, बसायला खुर्ची नाही. मी पळत होतो आणि तो उभा होता. दोघांचे पाय दुखत होते.

आता अंगाच्या चार गोष्टी. जे पुस्तकात असतं पण आपल्या घराच्या मापानं नसतं. रात्रपाळीवरून सुटून थेट वेगाचा सराव करू नये. आधी झोप. त्या आठवड्यात नुसतं सावकाश पळावं, नाहीतर चालावं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही. तेव्हा वेग आपणहून कमी करावा. महागडं पेय नको. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शेंगदाणे, अंडं, सुकट, हरभरे, नाचणीची भाकरी, हे पुष्कळ झालं. जेवणावर लगेच चहा ढोसू नये, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा लिंबू पिळावं. पोरींनी आधी रक्त तपासून घ्यावं. 2019-21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी म्हणजे हवा वाहून नेणारे हमाल कमी. मग कितीही पळा, दम वाढत नाही. आमच्यात आता तीन पोरी येतात. त्यातल्या एकीला पहिले दोन महिने जिना चढतानाही चक्कर यायची. तपासलं तर हेच. गोळ्या घेतल्या, आता ती आठशे मीटरला आमच्यातल्या दोन पोरांना मागं टाकते. त्यांच्याबरोबर कुणाची तरी आई रस्त्याच्या कडेला चटई टाकून बसते. उजाडेपर्यंत.

हवेचं काय? डोंबिवलीत 2014 साली हिरवा पाऊस पडला होता, 2020 साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. ज्या सकाळी वास येतो त्या सकाळी पळू नका, घरातच उठाबशा काढा. पण एवढ्यावर भागत नाही. मी कितीही पळालो तरी स्टेंटरपाशी बारा तास उभा राहिलो की तीच वाफ छातीत जाते. म्हणून आम्ही खात्यातल्या सतरा जणांनी सह्या करून मालकाकडं अर्ज दिला. चांगले मास्क द्या, एक्झॉस्ट दुरुस्त करा, वर्षातून एकदा सगळ्यांची छाती तपासा. आठ महिने झाले. मास्क आले. एक्झॉस्ट नाही. दोघांना दुसऱ्या खात्यात हलवलं. परत अर्ज दिलाय. ज्याला वाटतं की धावणं हा स्वतःपुरता छंद आहे, त्याला सांगतो: नळीत फुंकून आपला आकडा कळला नसता तर तो अर्ज लिहायचं माझ्या डोक्यात आलं नसतं.

चळवळीतही मला हेच दिसतं. आपल्याला पहिले शंभर मीटर फार छान पळता येतात. पुतळ्याची बातमी आली की रात्रीत रस्ता भरतो. तिसऱ्या महिन्यात कोर्टाच्या तारखेला किती जण असतात? काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात 1978 साली झाला, 1979 साली लाँग मार्च निघाला आणि नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत ज्यांची घरं जळली, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांनी वेग मोजला नाही. पण दर वर्षी कुणीतरी पत्रक काढत होतं, कुणीतरी वर्गणी गोळा करत होतं, कुणीतरी जामिनाला उभं राहत होतं. त्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. लांब पळायची सवय लागली की त्यांची आठवण येते.

ठाण्यात पावसाळ्यात वर्षा मॅरेथॉन असते. काही वर्षांच्या खंडानंतर 2025 साली ऑगस्टमध्ये ती परत झाली. आमच्यातले चार जण गेले होते. पहिल्या किलोमीटरला सगळं ठाणं त्यांच्या पुढं निघून गेलं. काका म्हणाले होते, जाऊ दे. अर्ध्यानंतर माणसं कडेला कंबरेवर हात ठेवून उभी दिसायला लागली. आमचे चौघं त्याच चालीनं पुढं गेले, पावसात, एकमेकांशी बोलत. बक्षीस कुणालाच नाही. चौघांनी अंतर पुरं केलं. परत येताना लोकलला उभं राहून आले आणि कल्याणला उतरल्यावर जिन्यावर कुणीच पळालं नाही.

मी काल नळीत परत फुंकलं. आकडा थोडा वर आहे. फार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मास्क सोडू नकोस. अर्धा तास पळून आल्यावर मी आता पुरी घोषणा देतो, वर एक कविताही म्हणतो.

रविवारी पहाटे साडेपाचला नव्वद फुटी रस्त्यावर या. बूट नसले तर साधे कॅनव्हासचे चालतील. पाण्याची बाटली आणा. बहिणीला आणा. पहिल्या दिवशी एक मिनिट पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं, दहा वेळा. कुणी हसलं तर हसू द्या. दमानं घ्या.

जय भीम.